अर्धं पातं

ब्लेडचं कागदी पाकीट राघू न्हाव्याने दातांत धरलं होतं आणि त्यातून निघालेलं पातं मधोमध असं मोडलं की टक् असा आवाज झाला — एवढासाच, पण गोरखला वाटलं, तो घाटाच्या पायऱ्या उतरून पार नदीपर्यंत गेला. अर्धं पातं वस्तऱ्यात. उरलेलं अर्धं परत कागदात, कागद खिशात. हे अर्धं किती डोक्यांना पुरवणार हा? वस्तरा जानकूदादाच्या टाळूवरून खाली सरकायला लागला आणि गोरखची नजर जी त्या धारेला चिकटली ती हलेना.

गेणभाऊंचा, घरातल्या नानांचा, दहावा होता. गोरखचा चुलता, वय ब्याऐंशी, आयुष्यात कुणाचं वाईट न केलेला माणूस, त्यामुळे भाषणं बरीच लांबणार होती. मांडवात माईक 'हॅलो, हॅलो, चेक' करून करून श्रद्धांजलीला तयार झाला होता. खाली घाटावर भावकीतले अकरा पुरुष उघड्या अंगाने मुंडणाच्या रांगेत होते. रांग मानाची असते. आधी मुलगा जानकू, मग पुतण्यांत थोरला गोरख, मग गोरखच्या पाठचा सोपान, आणि पुढे बाकीचे. सोपानचं मार्गशीर्षात लग्न होतं. हळद लागायच्या आत केस येतील का, एवढीच त्याची काळजी.

गोरखची काळजी अठरा दिवसांची होती.

वाशीला टोमॅटो उतरवले होते, पिकअप रिकामी झाली होती, आणि लॉजच्या खोलीत निळ्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, दोन महिने मागे राहिलेलं... ती बाई हसरी होती. तिनेच उशीखालून पाकीट काढलं, "याशिवाय नाही हां," म्हणाली आणि गाव कुठलं विचारलं. याने जुन्नर सांगितलं. होता महाळुंगे पडवळचा, पण आंबेगाव तालुक्याची अब्रू राखली. नंतर बाथरूममध्ये त्याने तो कंडोम नळाखाली धरला, पाण्याने भरला आणि दिव्यासमोर उंच करून, ठिबकच्या नळीची गळती बघतात तसा चहूबाजूंनी बघितला. एक थेंब गळला नाही. तरी परतीच्या वाटेवर, घाट चढताना, स्टिअरिंगवरच्या बोटाला क्रेटची एक चीर दिसली. बारीक, सुकलेली. आधीची की नंतरची? आणि तेव्हापासून — ताप येतोय का, जीभ पांढरी आहे का, काखेत ती गाठ होती की नेहमीचीच काख होती...

सातव्या दिवशी तो तपासायला गेला. ओळखीचं कुणी नको म्हणून तालुका बदलून, डोक्यावर हेल्मेट, नाव सांगितलं संपत. आतून तीनदा 'संपत' अशी हाक आली आणि हाही मान वळवून बघत बसला, कोण हा संपत, उठत का नाही. समुपदेशक साधना मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना नळाखालची परीक्षासुद्धा सांगितली, तेव्हा त्यांनी क्षणभर खाली टेबलाकडे बघितलं.

"फाटला नव्हता, गळला नव्हता. मग धोका जवळजवळ नाहीच. सुकलेल्या चिरेतून काही होत नाही. ताटवाटी, टॉवेल, डास, कशानेच होत नाही. आज रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण इतक्या लवकर तो पुरता सांगू शकत नाही. सहा आठवड्यांनी या, मग तीन महिन्यांनी एकदा. म्हणजे तुमचं मन निवेल."

तपासणी मनासाठी, असं त्या म्हणाल्या. मग रक्त कशाला काढलं? आणि जवळजवळ नाही म्हणजे? विहीर जवळजवळ कोरडी असली तरी माणूस बुडतोच की. ताटवाटी विचारली, टॉवेल विचारला, वस्तरा विचारायचा राहिला. गेणभाऊ जातील हे तेव्हा कुठे माहीत होतं?

"गोरख्या, बस." जानकूदादा डोक्यावरून हात फिरवत उठला.

माझ्यामागे सोपान बसेल. माझं रक्त, त्याचं डोकं, आणि मार्गशीर्षात ती पोरगी... कुठल्या गावची, तिचं नावसुद्धा मला धड आठवत नाही, आणि मी तिला...

"मी शेवटी बसतो," गोरख म्हणाला.

सगळ्या माना गोरखकडे वळल्या. वरचा माईक नेमका तेव्हाच बंद पडला. सुतकात मानाचा नंबर सोडणं म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं.

"भावकीच्या विहिरीवरनं दुखलंय त्याचं," मागून कुणीतरी पुटपुटलं. "पाण्याच्या पाळीचा एक दिवस कमी आला ना त्याला."

"आरं, आज तरी नको राव," जानकूदादा म्हणाला. "नाना जाऊन धा दिस न्हाई झाले."

विहीर! गोरखच्या मनात विहीर अठरा दिवसांत एकदाही आली नव्हती. पण कारण आयतं हातात आलं होतं, आणि घाबरलेला माणूस आयतं कारण परत करत नाही. त्याने नुसती मान खाली घातली. पुरेसं होतं.

मग सोपान उठला. "दादा शेवटी, तर मी दादाच्या मागं. माझ्या भावाचा मान न्हाई तिथं माझा कशाला?" आणि छाती काढून रांगेच्या पार टोकाला, गोरखच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा भावाची बाजू घ्यायला त्याला हाच दिवस सापडला.

नऊ डोकी झाली. गोरख पाटावर बसला. पाणी गार होतं, राघूचा अंगठा गरम. कपाळापासून मागे, मग कानामागे — चुर्र.

"हलू नका की, गोरखभाऊ! लागलं बघा."

एक थेंब खांद्यावर पडला. लाल. सगळ्यांचा असतो तसाच, आणि बघून काहीच कळत नव्हतं, हेच भयंकर होतं. मागे सोपानचे पाय दिसत होते. ते एक पाऊल पुढे आले.

"राघू, ते पातं फेक. सोपानला नवीन काढ."

"आता ह्ये काय नवीन?" राघू दुखावला. "दर डोक्याला नवं अर्धं काढतोय मी सकाळपासनं. तुमी तर टक लावून बघत व्हता!"

बघत होता. पण धारेकडे. खिशाकडे जाणारा हात त्याला एकदाही दिसला नव्हता.

"आता न्हाव्यावर राग काढतोय," मागचा आवाज म्हणाला.

पिंड ठेवले. समोरच्या बाभळीवर तीन कावळे बसले होते, एकही खाली येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माणसं आधी आभाळाकडे बघत होती, मग हळूहळू गोरखकडे बघायला लागली. शेवटी जानकूदादाने ओले हात जोडले.

"नाना, विहिरीचा एक दिस गोरख्याला वाढवून देतो. चारचौघांत सांगतो. आता शिवा."

कावळा उतरला. भात चोचीत घेऊन गेला. भावकीने सुस्कारा सोडला. मेलेला माणूससुद्धा आता गोरखच्या खोटेपणाचा साक्षीदार होता.

तो पायरीवर बसला होता तिथे रोहिणी आली. अठरा दिवस तो गच्चीवर झोपत होता, उकाडा म्हणून. टॉवेल वेगळा ठेवत होता, खाज म्हणून. तिने काही विचारलं नव्हतं. आता ती वाकली.

"रक्त तसंच वाळलंय. थांबा."

तिने पदराचं टोक भिजवलं. त्याने तिचं मनगट धरलं. धरून ठेवलं. कशानेच होत नाही, मॅडम म्हणाल्या होत्या. कशानेच. त्याने बोटं एकेक करून सोडली. पदर कानामागे गार लागला आणि हिरव्या काठावर फिकट तांबूस डाग उतरला. तिने तो बघितलाही नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

"अहो, खरंच विहिरीवरनं बिनसलंय का तुमचं?"

वर पहिलं भाषण सुरू झालं होतं. गेणभाऊ म्हणजे सरळ माणूस, माईक सांगत होता, मनात एक आणि ओठांवर एक असं कधी नव्हतं...

"नाय," गोरख म्हणाला.

अठरा दिवसांतला तिच्याशी बोललेला हा पहिला खरा शब्द. ती पदर पिळत पुढच्या शब्दाची वाट बघत उभी राहिली, आणि त्याच्या लक्षात आलं की आता, या क्षणी, त्याला रिपोर्टची भीती वाटत नव्हती, तिला सांगायच्या पुढच्या शब्दाची वाटत होती.