चार मिनिटांचा काळा पडदा

मित्रांनो, मी एक जुनी कॅप आहे. डोक्यावर घालायची नाही, तेवढं भाग्य माझ्या नशिबी कुठलं. मी कॅमेऱ्याच्या भिंगावर बसते. काळी, गोल, प्लास्टिकची; बशीहून लहान, बिस्किटाहून मोठी. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की माझ्या स्प्रिंगा दबतात आणि सोडलं की मी टक्क करून बसते. बस, एवढंच माझं काम. लोक भिंगाला मऊ फडक्याने पुसतात, स्टँडलासुद्धा पिशवी शिवतात. मला मात्र काम सुरू झालं की काढतात आणि खिशात टाकतात. म्हणजे जगात काही बघण्यासारखं घडायला लागलं, की मी खिशात.

तरी मी माझी गोष्ट सांगणार आहे, कारण असं आयुष्य भल्या भल्या भिंगांना मिळालेलं नाही. ही गोष्ट अर्धी माझी आणि अर्धी सुमेधाची आहे. तिच्याबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. एका साच्यातून आम्ही हजारो बहिणी पडलो आणि कोण कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही. मी आले लालबागला, हितेंद्रकडे. हितेंद्र लग्नाचे फोटो काढायचा. त्याच्या खिशात मी पाच वर्षं काढली. दोनशे लग्नं लागली, त्यातलं मी एकही पाहिलं नाही; ऐकली मात्र सगळी. मंगलाष्टकं मला अजून पाठ आहेत. एकदा त्याच्या खिशात अक्षता पडल्या आणि तांदळाचा एक दाणा माझ्या स्प्रिंगच्या खाचेत जाऊन बसला. तो आजही तिथेच आहे. माझा दागिना म्हणा हवं तर.

मग हितेंद्रला नवा कॅमेरा मिळाला आणि जुना, मागचा छोटा पडदा बिघडलेला कॅमेरा माझ्यासकट परळच्या एका मराठी चर्चला गेला. लॉकडाऊनचे दिवस होते. चर्चचे बाक रिकामे, हार्मोनियमवर चादर. पाळकसाहेबांनी, म्हणजे अभय पाळकांनी, ठरवलं की रविवारची भक्ती लोकांच्या फोनवर घरोघर पोचवायची. पण कॅमेरा चालवणार कोण? तेव्हा अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून एक अठरा वर्षांची मुलगी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून आली. तीच सुमेधा. माटुंग्याला कॉलेजात शिकत होती आणि तोवर तिने फक्त मैत्रिणींच्या वाढदिवसांचे व्हिडिओ बनवले होते.

पहिल्या रविवारची तिची तयारी बघायला हवी होती तुम्ही. खिडकीचा उजेड पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर कसा पडेल ते बघून तिने व्यासपीठ वीतभर सरकवलं. पंख्याची घरघर आवाजात येते म्हणून पंखे बंद केले. कॅमेऱ्याची लांब वायर पाळकसाहेबांच्या खोलीतल्या लॅपटॉपला जोडली, कारण इंटरनेट तिथेच मिळायचं. सगळं केलं तिने. एकच गोष्ट राहिली.

मला काढायची राहिली.

चाळीस मिनिटं मी भिंगावर बसून होते. गीतं झाली, वाचन झालं, उपदेश झाला, आशीर्वाद झाला. मला ओरडता येत असतं तर ओरडले असते. शेवटी सुमेधा कॅमेरा आवरायला आली, मला बघितलं आणि पहिल्या बाकावर मटकन बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. काळाचौकीच्या शांताआजी. गुडघ्यांमुळे दोन वर्षांपासून त्यांना चाळीचा जिना उतरता येत नव्हता.

"सुमे, आजची प्रार्थना फारच लांबली गं," आजी म्हणाल्या. "पण बरं वाटलं."

"आजी, ती प्रार्थना नव्हती. सगळी भक्तीच तशी गेली. कॅमेऱ्यावरचं झाकण काढायचं राहिलं माझं."

"असं होय. मला वाटलं, घरी बसून भक्ती करायची तर अशीच करत असतील. काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसायला लागलं. आपलंच तोंड बघत कोण बसणार, म्हणून मी डोळे मिटले. उपदेश काय नीट ऐकू आला म्हणून सांगू. चर्चला येत होते तेव्हा माझं अर्धं लक्ष पुढच्या बाईच्या साडीत."

सुमेधा रडता रडता हसली. मित्रांनो, माझं नशीब त्या फोनने फिरलं. पुढच्या रविवारी तिने मला वेळेवर काढलं, पण खिशात टाकलं नाही, हातात धरून ठेवलं. पाळकसाहेब "आपण प्रार्थना करू या" म्हणाले आणि टक्क. पडदा काळा, आवाज चालू. घरोघरच्या माणसांनी डोळे मिटले. आणि सुमेधानेही मिटले. भक्ती दाखवणाऱ्या माणसाला भक्ती करायला वेळच मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? वायर, उजेड, आवाज, सारखं सगळ्यावर लक्ष. मी भिंगावर असते तेवढाच वेळ तिचा स्वतःचा.

लॉकडाऊन संपला, बाक भरले, पण सुमेधाचं काम संपलं नाही. तिने घरी बसलेल्या एकतीस माणसांची यादी केली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुम्ही चर्चमध्ये कुठे बसायचात? मग दर रविवारी एकेकाच्या जागेवर कॅमेरा लावायला लागली. शांताआजींचा रविवार आला तेव्हा पडद्यावर निम्मा खांबच दिसला.

चर्चचे सचिव शामराव काका चिडले. "खांब काय दाखवतेस पोरी? खांबाचा उपदेश आहे का?"

"काका, आजी चाळीस वर्षं हाच खांब बघत आल्यात."

आजींनी म्हणे तो खांब बघून फोनवरून हात फिरवला.

संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती एडिटिंग शिकली. संडेस्कूलच्या मुलांकडून जुन्या मोज्यांच्या बाहुल्या करून घेतल्या आणि त्यांचे छोटे छोटे सिनेमे बनवले. ऐकू न येणाऱ्यांसाठी उपदेश खाली अक्षरांत यायला लागला. मी एकदा हार्मोनियमच्या पेटीमागे पडले आणि तीन आठवडे कुणाला सापडले नाही. त्या तीन रविवारी तिने प्रार्थनेला स्वतःचा तळहात भिंगावर धरला. मला नवी बहीण आणता आली असती. तिने नाही आणली. शोधून काढलं मला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तांदळाचा दाणा तसाच ठेवला.

पण घरी तिची आई बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन बसली होती.

"तू चर्चला भक्तीला जातेस की शूटिंगला?"

"दोन्हीला, आई."

"दोन्हीला जाणारा कुठेच पोचत नाही."

सुमेधाला हेच काम आयुष्यभर करायचं होतं. हौस म्हणून नाही, व्यवसाय म्हणून, सेवा म्हणून. चर्चच्या पंच कमिटीनेही माध्यमसेविका अशी नवी जागा काढायचं मनावर घेतलं होतं. मात्र शामराव काकांनी अट घातली: या गुड फ्रायडेची भक्ती बघू, मग ठरवू. जागा मिळाली तर ठीक, नाही तर सुमेधाने फॉर्म भरायचा, असं आईला कबूल केलेलं. पेन टेबलावर काढून ठेवलेलं होतं.

गुड फ्रायडेला बारा ते तीन भक्ती असते. प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात आणि प्रत्येकानंतर शांत प्रार्थना होते. सकाळीच काका स्टँडपाशी आले.

"आज काळा पडदा नको. तीन तासांत सात वेळा अंधार, लोक दुसरं चॅनेल लावतील. इतर चर्चच्या मंडळ्यासुद्धा बघणार आहेत."

"बरं काका," सुमेधा म्हणाली आणि मला खिशात टाकलं. खूप दिवसांनी मी खिशात गेले.

चौथा उद्गार एकटेपणाचा. त्यावर बोलायला हर्षवर्धन दादा उभे राहिले. जानेवारीत त्यांची बायको गेली, तेव्हापासून ते चर्चला आलेच नव्हते. लोक आपल्याकडेच बघतील म्हणून. पाळकसाहेबांनी घरी जाऊन जाऊन त्यांना तयार केलं होतं. दोन वाक्यं ते बोलले. तिसरं अर्ध्यात थांबलं. मग त्यांनी व्यासपीठ धरलं, गुडघ्यांवर बसले आणि रडायला लागले. खिशातून मला फक्त आवाज येत होता. असा आवाज मी दोनशे लग्नांत पाठवणीच्या वेळीसुद्धा ऐकला नव्हता.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या बाकावरून शामराव काकांनी मात्र सुमेधाला खूण केली: जवळ घे, चेहरा जवळ घे.

ती खिशात हात घालते आहे, हे मला कळलं. तिची बोटं माझ्याभोवती मिटली. जागा, फॉर्म, आई, सगळं त्या बोटांत होतं. आणि टक्क. तिने रडण्याचा आवाजही बारीक केला. मित्रांनो, मी इतकी घट्ट बसले की माझी एक स्प्रिंग कायमची वाकली.

काका उठून आले आणि कुजबुजले, "सुमे, काढ ते."

"काका, प्रार्थना चालू आहे. डोळे मिटा ना."

काका तसेच उभे राहिले.

ईस्टरच्या भक्तीनंतर कमिटी पाळकसाहेबांच्या खोलीत बसली. सुमेधाची आई दाराशी थांबली. मी टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध, जणू खटला माझाच.

"चार मिनिटं," शामराव काका म्हणाले. "पुरी चार मिनिटं काळा पडदा. मी घड्याळ लावून मोजली."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "प्रार्थनेत घड्याळ बघत होतात, शामराव?"

खोलीत हसू फुटलं. काकांचे कान लाल झाले.

सुमेधा उभी राहिली. "काका, तुम्ही नको म्हणालात आणि मी बरं म्हटलं, मग मोडलं. त्याबद्दल माफी मागते. पण दादा रडत होते ते लोकांना दाखवायला नाही रडत होते. तिथे बाकांवर सगळ्यांनी डोळे मिटले. घरी बसलेल्यांनीच टक लावून का बघायचं? आणि मी? मी वर्षभर भक्ती दाखवते. ही कॅप लावते तेवढा वेळ मी भक्ती करते. जागा मिळाली तर याच अटीवर पाहिजे. नाही तर फॉर्म भरते."

दाराशी आईने पदर नीट केला.

शामराव काकांनी मला उचललं. उलटसुलट करून पाहिलं, दाण्यावर नख लावलं. "हर्षवर्धन आज आला होता," ते म्हणाले. "ईस्टरला. मला वाटलं होतं, शुक्रवारनंतर तो पुन्हा तोंड दाखवणार नाही. मी त्याला विचारलं, कसा आलास रे? तर म्हणाला, बहिणीला फोन केला होता, ती घरी बघत होती. ती म्हणाली, तू रडलास तेव्हा काहीच दिसलं नाही. म्हणून आलो." काकांनी मला खाली ठेवलं. "लिहून घ्या. जागा कायम. आणि नियमात घाला, प्रार्थनेला कॅप. मी वाचून सही करतो."

घरी गेल्यावर आई म्हणाली, "ते पेन आण गं माझं. हिशेबाला लागतं." फॉर्मबद्दल काहीच नाही.

आता सुमेधा दर शनिवारी मोठ्या मुलामुलींना हे काम शिकवते. कुणाला सिनेमा करायचाय, कुणाला आवाजाचं काम, कुणाला नुसतं बटण दाबायचंय. पहिल्या दिवशी सगळे विचारतात, "ताई, कॅमेरा कधी?" ती म्हणते, "आधी कॅप." प्रत्येकाने डोळे मिटून, आवाज न करता मला बसवायचं आणि काढायचं. मी कितीदा तरी जमिनीवर आपटते. माझी कड उडाली आहे. वाकलेल्या स्प्रिंगमुळे मी आता एकटी टिकत नाही. प्रार्थना संपेपर्यंत सुमेधाला एक बोट माझ्यावर ठेवावं लागतं. नवी घ्या म्हणतात सगळे. ती म्हणते, बघू.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्याही फोनला डोळा आहे, आणि तुमच्या आसपासही कुणी ना कुणी रडतं. भिंगाला जरूर पुसा, पण माझ्यासारख्या झाकणांना बाकाखाली हरवू देऊ नका. धूळ बसली तर फुंकर मारा. दाणा असला तर राहू द्या.

आज पुन्हा रविवार आहे. शांताआजींचा रविवार, निम्मा खांब. पाळकसाहेब उभे राहिलेत, हार्मोनियम थांबली आहे, सुमेधाची चिमटी माझ्याकडे येते आहे. तिचं बोट माझ्यावर आलं.

तुम्हीही डोळे मिटा.