जीपच्या इंजिनावरची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. अर्धीच उरले आहे. दुसरी अर्धी कुठे गेली ते सांगते. ऐकताना नाक मुरडू नका, मला अजून डिझेलचा वास येतो.

कळंबच्या साखरबाईने माझं सूत कातलं. तिच्या घरची मेंढरं विकली, त्याआधी जी शेवटची कातरण झाली, त्या काळ्या लोकरीची मी. सणगराने मला विणलं, चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताठ केलं. सणासुदीला मला देवापुढे अंथरायचे. चपलेचा पाय माझ्यावर पडला की साखरबाई पाठीत धपाटा घालायची, मग तो कुणी का असेना.

मेंढरं गेली आणि तिचा मुलगा बिरदेव आबासाहेबांच्या वडाप जीपवर ड्रायव्हर झाला. पंच्याण्णव सालच्या आसपासची गोष्ट. वडाप म्हणजे सीट भरल्याशिवाय हलायचं नाही, आणि भरल्यावरही आणखी माणसं कोंबायची. जीप मुळात पेट्रोलची. आबासाहेबांनी तिच्यात कुठलंतरी जुनं डिझेल इंजिन बसवलं. कालव्याकडेच्या कच्च्या वाटेने ती बारामती एमआयडीसीचे कामगार न्यायची, आणि इंजिनाच्या आवाजात शेजारी बसलेली माणसंही एकमेकांच्या कानात ओरडून बोलायची. बिरदेवचा डावा कान त्यातच गेला. डॉक्टर म्हणाले, आवाज कमी करा, नाहीतर उजवाही जाईल. त्याची छकुली तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

तो आबासाहेबांकडे गेला. "मालक, सायलेन्सरचा पाइप फुटलाय. तेवढा बदला. डोकं भणभणतंय."

"गाडी हाय ती, पाळणा न्हाय," आबासाहेब म्हणाले. "कापूस घाल कानात."

हे कळल्यावर साखरबाईने ट्रंकेतून मला काढलं.

सोपान मिस्त्रीने मला इंजिन आणि सीट यांच्यामधल्या पत्र्याला लावून पाहिलं. "मावशी, लई मोठी हाय. कापून बसवतो. न्हायतर टोक पाइपावर लोंबंल."

"देवापुढं अंथरायची घोंगडी हाय. तिला कात्री लावतोस व्हय? घडी घाल."

"देव काय जीपमधी बसणार हाय?"

"माझा ल्योक बसतोय न्हवं?"

सोपानने कात्री खाली ठेवली. घड्या घालून त्याने मला तारेने आवळलं.

खोटं कशाला बोलू, काम मी चोख केलं. आवाज निम्म्यावर आला. कामगार चेष्टा करायचे, "बिरदेवराव, गाडी चालू हाय का ढकलताय?" घरी छकुलीने मागून "आप्पा" अशी हाक मारली आणि तो वळला. साखरबाईने त्या दिवशी जीपच्या बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला.

घोळ झाला तो पुढे. बिरदेवने पुन्हा पाइपाचं काढलं, तेव्हा आबासाहेब जीपमधून एक चक्कर मारून आले. "कुठं हाय आवाज? मग कशाला बदलायचा?"

मित्रांनो, मी आवाज अडवत होते. फुटका पाइप सांधत नव्हते. शेंबड्या पोराला कळतो हा फरक. मालकाला कळून घ्यायचा नव्हता.

हादऱ्यांनी तार सैल झाली, घडी सुटली, आणि माझं टोक पाइपाच्या भेगेशी लोंबू लागलं. वरून डिझेल झिरपायचं, ते मी पीत होते. लोकर सहजी पेट घेत नाही. डिझेल प्यायलेली घेते.

त्या दिवशी साखरबाई बाजाराला निघाली होती. बिरदेवच्या डावीकडे बसलेली, मांडीवर छकुली. लोकर करपल्याचा वास तिने लगेच ओळखला.

"बिरदेवा, थांबव. जळतंय."

त्याच्या डाव्या कानाला काही पोचलं नाही. तिने त्याचा दंड ओढला तेव्हा त्याने ब्रेक दाबला. तोवर पायाशी धूर. मागे माणसं अडकून बसलेली, दाराशी डबे. तिने छकुलीला बाहेर एकाच्या हातात दिलं. बिरदेवने बॉनेट उचललं आणि तिने मला दोन्ही हातांनी ओढून काढलं. मी पेटलेली होते.

माणसं वाचली. साखरबाईची बोटं आखडली. सूत कातायची चाती आता त्या हातात राहत नाही.

आबासाहेब दवाखान्यात आले. "घोंगड्यानं घात केला," म्हणाले.

"कात्री लावू दिली न्हाय, ते माझं," साखरबाई म्हणाली. "पाइप तुमचा."

आबासाहेबांनी बिरदेवला कामावरून काढलं. घरी आल्यावर साखरबाईने सुनेला, नकोशीला, सांगितलं, "काप आता." नकोशीने माझा जळका भाग कापून उकिरड्यावर टाकला.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सगळ्याच वस्तू तुम्हाला सांगतात. मी वेगळं सांगते. गाडी ओरडत असेल तर ती का ओरडते ते बघा, तिच्या तोंडात बोळा कोंबू नका. माणूस ओरडत असेल तरी तेच.

मी आता ओसरीवर असते. बिरदेव माझ्यावर बसतो. त्याचा उजवा कानही उतरत चालला आहे. समोरून तीच जीप जाते. आत आता माझ्या जागी रेक्झिनची जाड गादी ठोकली आहे. ड्रायव्हर नवा, पाइप तोच.

छकुली त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगते, "आप्पा, जीप गेली."

तो मान वर करून रस्त्याकडे बघतो आणि विचारतो, "कवा?"