उद्याची अर्धी पोळी

"माह्या हातच्या पोळ्यात काय खोट हाय, ते तोंडावर सांगा ना साहेब! अशा लपवून काहून ठेवता?"

रुखमाबाई उघड्या कपाटासमोर उभी होती. पदरात अर्ध्या अर्ध्या पोळ्यांचा हा ढीग! काही पापडासारख्या वाळलेल्या, काहींवर हिरवी बुरशी. तांबड्या मुंग्यांच्या रांगेमागे जात जात ती इथवर पोचली होती. वर हवाई दलाचा गणवेश कडक इस्त्रीत टांगलेला आणि त्याच्याखाली, रुमालात बांधून ठेवलेला, हा ऐवज.

निवृत्त ग्रुप कॅप्टन शालिकराम हेडाऊ दारात पेपर घेऊन उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर. सगळी उमर लढाऊ विमानं उडवलेला हा माणूस स्वयंपाकाच्या बाईपुढे एक पाऊल मागे सरला.

"चांगल्या असतात वं पोळ्या," ते कसेबसे म्हणाले.

"मंग?"

साहेबांनी पेपर उघडला आणि त्याच्याआड तोंड लपवलं.

रुखमाबाई पारशिवनीकडची. तिच्या पोळीला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. दुपारपर्यंत तिने तो अपमान कसाबसा गिळला आणि मग पुण्याला मिनलला फोन लावला. "ताई, बाबाचं काही बराबर नाही दिसून रायलं मले. पोळ्या लपवून रायले कपाटात."

दुसऱ्या दिवशी मिनल हजर.

मिनल ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या आईला, अनुसयाबाईंना, जाऊन सव्वा महिना झाला होता. धंतोलीच्या दवाखान्यातून आईला शेवटचं घरी आणलं, तेव्हाच बाबांना पुण्याला न्यायचं हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. बाबांनी मात्र तेरवीच्याच दिवशी ठणकावून सांगितलं होतं की, सोमलवाड्याचं हे घर सोडून ते कुठेही जाणार नाहीत. स्वतःचे बूट स्वतः चमकवणाऱ्या आणि अंथरुणावर सुरकुती खपवून न घेणाऱ्या माणसाला एकटं राहता येणार नाही असं म्हणावं तरी कोणत्या तोंडाने? मिनल तेव्हा एकटीच पुण्याला परतली होती. आता तिच्या हातात आयतं कारण आलं होतं.

"बाबा, मी तुमचंही तिकीट काढलं आहे. रविवारचं," ती जेवताना म्हणाली. "तिकडे एक डॉक्टर आहेत, स्मरणशक्तीचे. नुसतं दाखवून तर घेऊ."

"माह्या डोक्याले काही झालं नाही."

"मग त्या पोळ्या? काहून ठेवता, ते तर सांगा. नाही सांगत, तर मी तुम्हाला इथं एकटं कसं सोडू?"

शालिकराम भात कालवत राहिले. मुलीचं चुकत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. घर वाचवायचं तर बोलणं भाग होतं, आणि बोलणं तर त्यांना कधी जमलंच नव्हतं.

उमरेडच्या कोष्ट्याचं हे पोर. बाप मागावर बसायचा, आई कांड्या भरायची. पोरगं शिकलं, वैमानिक झालं. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीपलीकडे विमान पडलं, हवाई छत्रीने जीव वाचला आणि वर्षभर शत्रूच्या कैदेत गेलं. सुटून आले तेव्हा उमरेडमध्ये ढोलताशे वाजले, हारांनी मान वाकली. पुढे शाळाशाळांतून बोलावणी यायची. साहेब उभे राहायचे, "वागणूक ठीक होती, जेवण ठीक होतं," एवढं म्हणायचे आणि टाळ्यांची वाट न बघता खाली बसायचे.

घरी आल्या रात्री आईने समोर बसून जेवू घातलं. तरी निजताना त्यांच्या उशाखाली अर्धी पोळी होतीच. सकाळी आईने ती उचलली. विचारलं काहीच नाही. पुढे दोन वर्षांनी लग्न झालं, तेव्हा नव्या सुनेला चुलीपाशी बसवून तिने हळूच सांगितलं, "थो रातच्याले अर्धी पोळी बाजूले ठेवते. तू सकाळी उचलत जाय. त्याले इचारू नको." मागाच्या खोलीत बसलेल्या शालिकरामांनी ते ऐकलं. पण ऐकल्याचं त्यांनी कोणालाच कधी कळू दिलं नाही.

बदल्या झाल्या. जोधपूर, तेजपूर, बिदर. घरं बदलली, कपाटं बदलली. साहेबांना काही वेड लागलं नव्हतं. घरात पोतंभर गहू आहे, उद्याही पोळी मिळणार आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण रात्र झाली की हात आपोआप जायचा. ती अर्धी पोळी कपाटात ठेवल्याशिवाय डोळा लागायचा नाही. सकाळी फिरून येईपर्यंत रुमाल रिकामा झालेला असायचा, धुऊन दोरीवर पडलेला. नवराबायकोत या गोष्टीवर एक अक्षर झालं नाही. मिनल याच घरांमधून लहानाची मोठी झाली, तिलाही पत्ता लागला नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले, मिनलही परतली. त्या रात्री त्यांनी नेहमीप्रमाणे रुमाल बांधला. सकाळी फिरून येऊन कपाट उघडलं, तर पोळी तिथेच. अनुसया गेली हे त्यांना तेव्हा खरं कळलं. घाटावर न रडलेला माणूस पलंगाच्या काठावर बसून लहान पोरासारखा रडला. ज्याच्यापुढे काही सांगावंच लागत नव्हतं, असं जगातलं एकच माणूस होतं आणि ते गेलं होतं. ठेवणं त्यांचं काम, उचलणं तिचं. ती पोळी उचलायला त्यांचा हात होईना. दुसऱ्या रात्री तिच्याशेजारी दुसरी आली.

"बाबा, बोला ना," मिनल म्हणाली.

शालिकरामांनी पाण्याचा घोट घेतला.

"तिकडं रोटी यायची एक टाइम. कधी यायची, कधी नाही. मंग आलेली सारी खायची हिंमत नाही व्हायची. उद्याले असावी म्हणून अर्धी ठेवायचो. ते सुटलं नाही मंग. बस, एवढंच हाय."

बापाच्या युद्धाची एवढी हकिकत मिनलने उभ्या जन्मात ऐकली नव्हती. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "आईला माहीत होतं?"

"तीच तर उचलायची रोज."

"आणि काय करायची त्या पोळीचं?"

"म्या कधी विचारलं नाही. टाकत असन गाईले."



"गाईला नाही, बाबा. आई रोज सकाळी चहासोबत अर्धी शिळी पोळी खायची. तुम्ही फिरायला गेलेले असायचे. मी किती भांडली तिच्यासोबत, डब्यात ताज्या असताना हे काहून खाते म्हणून! म्हणायची, मले आवडते."

"रोज?"

"रोज. बिदरला, जोधपूरला, इथं."

साहेब उठले. हात धुवायला म्हणून मोरीत गेले आणि बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला. मिनलने पुण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. दुसरं तिकीट तिने त्यांच्या नकळत रद्द केलं. रविवारी निघताना ती वाकली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोचल्यावर फोन कर वं," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी साहेब फिरायला गेले नाहीत. त्यांनी कपाट उघडून रात्रीची अर्धी पोळी स्वतःच्या हाताने बाहेर काढली. चहा करून स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले. इतक्यात रुखमाबाई आली आणि दारातच थबकली.

"साहेब, शिळी काहून खाता? दोन मिनटात गरम करून देतो."

त्यांनी हातानेच नको म्हटलं.

पोळी चिवट होती. कवळीने तुटेना. तुकडा चहात बुडवला तर तो विरघळून खाली बसला, चमच्याने काढावा लागला. सावकाश, कण न टाकता त्यांनी सगळी संपवली. चवीला ती मुळीच चांगली नव्हती.