लिंबाजीच्या हातची टोपी

ताडकळसच्या भर बाजारात लिंबाजीनं बन्सीधरच्या कानाखाली वाजवली, तेव्हा पार पूर्णा गावातली कुत्री फटाका समजून खाटेखाली शिरली. कारण एवढंच, की लिंबाजी बैल विकत असताना बन्सीधर गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "याचा बैल औताला जुंपला की खाली बसतो."

बैल खरंच बसायचा.

टोपी उडून शेणात पडली अन् सारा बाजार हसला. बन्सीधरचा गाल रात्रीपर्यंत थंड झाला, ते हसणं काही थंड होईना. गावादेखत लिंबाजीला आडवा करीन, तेव्हाच डोक्यावर टोपी घालीन, असं ठरवून तो बोडकाच फिरू लागला.

त्याची पुतणी ईश्वरी परभणीत पोरींना कराटे शिकवते. तिला गाठलं.

"काका, मारायचं न्हाई शिकवत आमी. वाचायचं शिकवतो. समोरच्याचा हात उठला की अंग आपोआप हललं पाहिजे. डोक्याला विचारायचंच न्हाई."

"मी कुठं डोकं लावायलोय? शिकव तू."

डाव एकच. कानाकडं हात आला की मनगट धरायचं, वाकायचं, माणूस पाठीवरून पुढं. सराव घ्यायचं काम बायकोकडं, राजेश्रीकडं आलं. "अहो, जेवा निवांत," म्हणायची अन् लाटणं हाणायची. झोपेत पळी, अंघोळीत चप्पल. एवढी खुश ती लग्नातही नव्हती.

सोयाबीन निघेपर्यंत अंग असं तयार झालं, की भाकरीवर झडप घालणारा कावळा उताणा पडला आणि दुपारपर्यंत उडायचंच विसरला. न्हावी तर थेट पत्र्यावर गेला. तिथूनच ओरडला, "बन्सीभाऊ, आता दाढी वाढवा!"

पण हा डाव कुणी हात उगारला तरच चालायचा. बन्सीधर दर बाजारी लिंबाजीपुढं गाल करून उभा.

"ए बसक्या बैलाच्या धन्या, मार की!"

लिंबाजी मात्र निवळला होता. हात जोडायचा. "चुकलं, बन्सीभाऊ. लय चुकलं."

बन्सीधरच्या अंगाची लाही व्हायची. हात जोडणाऱ्याला फेकायचं कसं?

अशात लिंबाजीच्या लेकीचं लग्न निघालं. भावकीतलं, जावंच लागलं. मांडवात पाहुण्यांना टोपी-टॉवेलचा मान सुरू झाला. सगळ्यांत भारी टोपी लिंबाजीनं बन्सीधरसाठी ठेवली होती. शेणात पाडलेल्या टोपीच्या बदली ही चारचौघांत आपल्या हातानं त्याच्या डोक्यावर घालायची आणि मिटवून टाकायचं, असं त्याच्या मनात होतं. तो येताना दिसला तशी बन्सीधरनं रागानं मान फिरवली.

हात कानाजवळ आला.

लिंबाजी वाजंत्र्यांच्या डोक्यावरून गेला, झुंबराला वळसा घातला आणि बुंदीच्या ढिगात बसला. अख्खा मांडव हसला. बाजारापेक्षा जास्त.

"अहो, झालं की तुमचं! आडवा केलात," राजेश्री म्हणाली.

"आं? कवा?"

मान तिकडं, अंग इकडं. साऱ्या मांडवानं पाहिलं, एकट्या बन्सीधरनं नाही.

लिंबाजी बुंदी झटकत उठला. टोपी हातात तशीच. "फिटलं का, बन्सीभाऊ?"

"मला दिसलंच न्हाई! पुन्हा उगार हात."

लिंबाजीनं दोन्ही हात टोपीसकट पाठीमागं घेतले. तेव्हापासून जवळपास बन्सीधर असला, तर तो एष्टीलासुद्धा हात करत नाही; गाडी जाऊ देतो. टोपी त्याच्या खुंटीला आहे. आणि बन्सीधर अजून बोडका, दर बाजारी गाल पुढं करून उभा असतो.