फुलांची दुसरी खेप

गोरखच्या गळ्यात देवानं काय बसवलं होतं कुणास ठाऊक, पण जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बैलगाड्याचा घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, म्हटला की पुकारायला गोरखच लागायचा. माईक हातात आला की हा माणूस वावरातला कांदा, घरचं आजारपण, बायकोची बोलणी, सगळं विसरायचा. गाडा सुटला की अशी काही ‘भिर्रर्र’ आरोळी ठोकायचा, की घाटाच्या दोन्ही अंगाला बसलेली माणसं आपसूक उठून उभी राहायची. पावणेरावळे म्हणायचे, बैल त्यांच्या पायांनी पळतात का गोरखच्या तोंडानं, तेच कळत नाही. गोरख खूश व्हायचा. का होऊ नये?

धाकटा भाऊ आदेश मात्र वेगळ्याच नादाचा निघाला. बैलांच्या घरात जन्मला आणि नजर कायम आभाळात. लहानपणी लेण्याद्रीला दर्शनाला नेलं तर हा पायऱ्यांवर बसून घारी बघायचा. आई म्हणायची, गणपतीकडं पाठ करून बसलंय कार्टं. पुढं टोमॅटोनं एक-दोन वर्षं हात दिला. घरात आता नवा ट्रॅक्टर येणार असं सगळ्यांना वाटलं, आणि आलं विमान.

विमान म्हणजे काय, तर तीन चाकांचा सांगाडा, पाठीमागं इंजिन आणि डोक्यावर ताणून बसवलेले कापडी पंख. ना दार, ना टप. गावातल्या पोरांनी त्याचं नाव उडती रिक्षा ठेवलं. आदेशनं कुणाच्या हसण्याला भीक घातली नाही. तो रीतसर शिकला, त्याचं लायसन काढलं, आणि आळेफाट्याच्या पलीकडं माळावर त्याच्यासारख्याच चार हौशी येड्यांनी मुरमाची पट्टी केली होती, तिथं ते ठेवलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरंच आहे. पण हौसेला भान लागतं. ते आदेशला होतं. नव्हतं ते गोरखला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

यंदा भैरवनाथाच्या यात्रेत फायनलच्या बारीला, म्हणजे शेवटच्या धावेला, वरून झेंडूची फुलं पडणार, असं गोरखनं यात्रा कमिटीला परस्पर सांगून टाकलं. भावाला विचारलं मागाहून. आदेश कुरकुरला, मग तयार झाला. त्याची बायको वृषाली, तिनं तर आळीतल्या बाया जमवून झेंडूच्या पाकळ्या सोडायला घेतल्या. आदेशनं सीटखाली एक झोळी शिवून घेतली होती. दोरी ओढली की झोळीचं तोंड उघडायचं. ‘‘एकच झोळी मावती, दादा,’’ असं त्यानं स्वतः गोरखला सांगितलं होतं. गोरखनं ती भरलेली पाहिलीही होती.

यात्रेच्या सकाळी आदेशचा फोन आला.

‘‘दादा, चैताची दुपार हाय. आभाळ उठायच्या आत मला माघारी पट्टीवर उतरायला पायजे. वळवाच्या ढगात वारं एका अंगानं वर वढतं आन दुसऱ्या अंगानं खाली आपटतं. मोठाली इमानं त्याला वळसा घालून जात्यात. आपलं म्हंजे पत्रावळ.’’

‘‘अरे, जेवणाच्या टायमाला फायनल हुईल,’’ गोरख म्हणाला.

आता बैलगाड्याचा कार्यक्रम वेळेवर झाला असं कुणी सांगितलं, तर त्याच्या तोंडाचा वास घ्यावा. एका गाड्याची बैलांपुढं पळणारी घोडी बिथरली. एका मालकाचं म्हणणं, घड्याळवाल्यानं बटण उशिरा दाबलं. मग पुढाऱ्यांचे सत्कार, शाली, नारळ. शाल पांघरणारा फोटोवाल्याकडं बघतोय आणि फोटोवाला दुसरीकडंच. आदेशचा दोनदा फोन आला, ‘‘निघू का ऱ्हाऊ दे?’’ दोन्ही वेळा गोरख म्हणाला, ‘‘थांब थोडा, दोनच बाऱ्या राह्यल्यात.’’

शेवटी फायनलचे गाडे जुंपायला लागले तेव्हा गोरखनं आपणहून फोन केला. ‘‘निघ.’’

‘‘दादा, तिकडं आभाळ कसंय?’’

गोरख स्टेजवर मांडवाखाली बसला होता. मांडवाच्या झालरीआडून त्याला समोरचा घाट दिसत होता, माणसं दिसत होती. घाटात चांगलं ऊन पडलं होतं. उठून चार पावलं बाहेर जाऊन मांडवामागं, शिनोलीच्या अंगाला चढत असलेलं आभाळ बघायचं, एवढंच काम होतं.

‘‘निवळ हाय,’’ तो म्हणाला. ‘‘लखलखीत ऊन पडलंय. ये तू.’’

आदेशनं भावाच्या शब्दावर विमान उचललं.

फायनलची बारी झाली, गुलाल उधळला आणि तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. काय ती माणसांची तारांबळ. देवाच्या नावानं पडलेलं फूल पायाखाली येऊ द्यायचं नाही, ही तिथली रीत. बायांनी बसल्या जागी पदर पसरले, गड्यांनी टोप्या उलट्या धरल्या, उपरणी ताणली. आदेश देवळाच्या कळसावरून आला, दोरी ओढली, आणि पिवळ्याधमक पाकळ्यांचा लोटच्या लोट सुटला. पण खाली येता येता वाऱ्याच्या एका झपाट्यानं तो सगळा उचलला आणि घाटाच्या पलीकडं नेऊन उसात ओतला. माणसांच्या हाती एक पाकळी लागली नाही.

‘‘अरारा,’’ करून सगळी यात्रा हळहळली. कुणीतरी ओरडलं, ‘‘गोरख, आमाला काय उसात जाऊन बसायचं व्हतं का?’’ हशा पिकला.

गोरखला ते लागलं. एवढा गाजावाजा केला आणि हसू झालं. तो माईकवर म्हणाला, ‘‘नाराज हू नका मंडळी. आपलाच माणूस हाय. मोकळ्या हातानं जायचा न्हाई त्यो.’’

विमान माघारी पट्टीकडं, नारायणगावच्या दिशेनं लहान होत गेलं. तिकडं दुसरं आभाळ उठलं होतं, खालून काळंनिळं आणि आत विजा. शिनोलीकडचं तर आता डोक्यावरच येत होतं. माघारीची वाट बंद झाली आणि आदेश वळला. मंडपात बसलेल्या गोरखला यातलं काही दिसलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की घाटाच्या खालच्या तोंडाकडून, जिथं गाडे जुंपतात तिथून, विमान सरळ रेषेत, अगदी खालून येतंय.

त्याचा ऊर भरून आला. भावानं शब्द राखला, असं त्याला वाटलं.

‘‘आलं, आलं, आलं,’’ गोरखनं असा सूर लावला की कर्णे फाटायची वेळ आली. ‘‘दुसरी खेप आली मंडळी. आता वारं न्हेनार न्हाई, बघा किती खाली आलंय. बसून काय ऱ्हायलाय? उतरा खाली, घाटात या. पदर पसरा, टोप्या धरा. देवाचं फूल हाय, भुईला पडू दिऊ नका.’’

गोरख बोलवतो म्हटल्यावर कोण बसून राहील? दोन्ही अंगांनी माणसं घाटात उतरली. बाया, म्हातारे, बैल सोडून गाडेवाले. मघाशी मोकळा असलेला तो लांबलचक चढ बघता बघता भरून गेला. हजार हात वर झाले.

विमान दीड पुरुष उंचीवर आलं. इंजिनाचा आवाज जवळजवळ मेलेला. मग एकदम ते किंचाळलं, तोंड वर करून लोकांच्या डोक्यांवरून गेलं. टोप्या उडाल्या. लोकांनी ओरडून घाट दणाणून सोडला.

फूल एकही पडलं नाही.

गोरखचं वाक्य तोंडातच राहिलं. झोळी एकच होती. ती मघाशीच उसात रिकामी झाली होती. मग हा आला कशाला? आणि मग त्याला आठवलं. गेल्या दिवाळीत आदेश हा रिकामा घाट पावलांनी मोजत हिंडला होता. म्हणाला होता, ‘‘दादा, अडीनडीला हितं उतरता यील. चढ हाय, लौकर थांबंल.’’ आणि खरंच, दुसरीकडं उतरायचं कुठं? उसात? टोमॅटोच्या कारवीच्या काठ्या-तारांत? विजेच्या तारांखालच्या बांधाबांधांत? तेवढी एकच जागा सरळ आणि मोकळी होती, आणि ती गोरखनं आपल्या तोंडानं भरली होती.

‘‘घाट मोकळा करा,’’ तो ओरडला. ‘‘बाजूला व्हा. घाट मोकळा करा.’’

कुणी हललं नाही. हललं असतं तर नवल. हे वाक्य तो प्रत्येक बारीच्या आधी पन्नासदा म्हणायचा, आणि बैल डोळ्यांना दिसेपर्यंत माणूस जागचा सरकायचा नाही. बैलगाड्याच्या रसिकाचा तो धर्मच. लोक हसत वर बघत होते. कुणी हातवारे करून विमानाला पुन्हा बोलवत होतं.

‘‘अरं, फुलं न्हाईत त्याच्याकडं. त्यो उतरतोय. उतरू द्या त्याला, पाया पडतो तुमच्या.’’

एवढं तो बोलला खरा, पण शेवटचे शब्द कुणाला ऐकू गेले नाहीत. वारं आलं. धुरळ्याची भिंतच्या भिंत घाटावर आदळली, मांडवाचं कापड फाटून उडालं, वायरी तुटल्या आणि कर्णे मुके झाले. गोरख स्टेजवरून उडी टाकून घाटात पळाला. हातात मेलेला माईक तसाच. ज्याच्या आवाजावर दोन तालुके डोलायचे, त्याचा नुसता घसा चार माणसांपलीकडं पोचेना. तो एकेकाला धरून ढकलत होता आणि लोकांना वाटत होतं, याला आनंदानं वेड लागलंय.

मग गारा सुरू झाल्या. आता माणसं पळाली. घाट कसा क्षणात मोकळा झाला, एक चिटपाखरू राहिलं नाही. मधोमध एकटा गोरख दोन्ही हात वर करून उभा, ‘‘ये, ये आता,’’ म्हणत.

नदीच्या अंगाला विमान एकदा दिसलं. सुपातलं फोलपट पाखडावं तसं वाऱ्यानं ते वर फेकलं. एक पंख उभा राहिला, मग दोन्ही मिटल्यासारखे दिसले, आणि ते उसाच्या मागं गेलं. देवळाच्या आडोशाला उभ्या राहिलेल्यांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, कसरत आहे.

सगळ्यांत आधी गोरख पोचला. पाकळ्या पडल्या होत्या त्याच उसाच्या पलीकडच्या सरीत. आदेश पट्ट्यात बसलेलाच होता, मान छातीवर. हेल्मेटवर गारा टणटण वाजत होत्या. गोरखनं हाक मारली, मग हलवलं, मग पुन्हा हाक मारली. नंतर माणसं आली आणि त्यांनी गोरखला बाजूला धरलं.

पुढचे दिवस कसे गेले ते त्याला सांगता आलं नसतं. आलेला प्रत्येक जण एकच बोलायचा. देवाच्या कामात गेला, लई भाग्याचं मरण. जाता जाता खाली येऊन सगळ्या गावाला भेटून गेला. गोरख ऐकायचा आणि त्याच्या मस्तकात तिडीक जायची. हे काय बोलतायत लोक? डोळे फुटले होते का यांचे? पण मग त्याचे तरी कुठं उघडे होते? तोंड उघडायची त्याची छाती होत नव्हती.

सुतक फिटल्यावर यात्रा कमिटीचे सावळेरामबापू दोघा-तिघांना घेऊन ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, ‘‘गोरख, आमी ठरवलंय. घाटाच्या तोंडाला आदेशच्या नावाची कमान उभी करायची. शेवटच्या टायमालाबी पोरगं गावाला रामराम कराया आलं. ही गोष्ट गावानं इसरायची न्हाई.’’

‘‘रामराम कराया न्हाई आला त्यो,’’ गोरख म्हणाला. आवाज इतका बारीक की बापूंनी कान पुढं केला. ‘‘उतराया आला व्हता. त्याला जागा पायजे व्हती. मी तुमाला घाटात बोलावलं. आभाळबी निवळ हाय म्हून मीच सांगितलं. मी मारला त्याला, बापू.’’

सावळेरामबापूंनी पागोट्याला हात लावला, खाकरले. ‘‘दुःखानं डोकं फिरतं माणसाचं. आसं काय बोलू नगं. वर जाताना सगळ्यांनी बघितलंय, त्यो खुशीत व्हता. हाये का न्हाई रं?’’ बरोबरच्यांनी माना हलवल्या.

वृषाली आतल्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. इतक्या दिवसांत ती कुणाशी बोलली नव्हती. गोरखला वाटलं, आता ही आपल्या तोंडावर थुंकेल, आणि थुंकली तर बरं होईल.

‘‘दादा खरं सांगत्यात,’’ ती म्हणाली. ‘‘मीबी घाटात व्हते. पार पुढं, खालच्या तोंडाला. पदर धरून. सगळ्यांत जवळून मीच बघितलं त्यांना. त्यांनी इमानाची दांडी सोडून एक हात केला. मला वाटलं, मला दिसले म्हून हात करत्यात. मी पदर सोडला आन हासून परत हात केला.’’

‘‘मंग तेच म्हनतोय मी, पोरी,’’ बापू म्हणाले. ‘‘रामरामच की त्यो.’’

‘‘असा केला हात,’’ वृषाली म्हणाली, आणि उंबऱ्यातूनच तिनं तो करून दाखवला. पालथा हात, जोरानं, एका अंगाला, पुन्हा पुन्हा.

सावळेरामबापू बसल्या जागी मागं सरकले.