पपईच्या फोडींखालून

मी एक होडी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका. पपईची फोड घ्यायला तुम्ही ज्या लाकडी पोटात हात घातलाय ना, ती मीच. घ्या, लाजू नका. कलिंगड मात्र कालचं आहे, माझं ऐका.

बालीच्या या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर आम्हाला जुकुंग म्हणतात. एका अखंड खोडातून मला कोरलं, लाटेत कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या बांधल्या आणि सर्वांत शेवटी तोंडावर दोन डोळे रंगवले. डोळे नसलेली होडी आमच्याकडे कुणी पाण्यात घालत नाही. ती घरी परतणार कशी?

माझे डोळे नेंगाहने रंगवले. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पहिलीवहिली स्वतःची होडी, त्यामुळे हात असा थरथरत होता की डावा डोळा उजव्यापेक्षा चांगलाच मोठा झाला. त्याची बायको केर्ती हसून म्हणाली, "अहो, हिला आता जन्मभर आश्चर्यच वाटत राहणार!"

तिचं बोलणं खरं ठरलं. आधी मासळीत दिवस गेले, मग समुद्र बघायला पर्यटक पाहुणे येऊ लागले आणि मला रोज नवं आश्चर्य. पहाटे निघायचं, सूर्य पाण्यातून वर येताना बघायचा. मागे वळलं की आगुंग डोंगर आधी जांभळा, मग गुलाबी. पाहुण्यांचं मला मोठं नवल वाटे. इतक्या लांबून सूर्य बघायला यायचे आणि तो उगवला की त्याच्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढायचे! पुढे प्रवाळांची बाग यायची. पाण्याला घाबरणारी माणसं माझी कड घट्ट धरून बसत. नेंगाह त्यांना म्हणे, "पोहता येत नसेल तरी चालेल, ओरडता आलं पाहिजे." हसता हसता ती पाण्यात उतरत आणि निळे-पिवळे मासे एकदा दिसले की बाहेर यायचं नाव काढत नसत. परतल्यावर किनाऱ्यावर केर्तीने भाजलेला मासा आणि जाळ काढणारी मिरचीची चटणी.

केर्ती मला सवत म्हणायची. "दिवसभर तिच्याजवळ, माझ्या वाट्याला फक्त घोरणं!" पण रोज सकाळी ताडाच्या पानाच्या टोपलीत फुलं, चिमूटभर भात आणि उदबत्ती घेऊन ती यायची आणि माझ्या तोंडाशी ठेवायची. सवतीवर इतकी माया मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

एकच गोष्ट मला कधी दिसली नाही. माझे डोळे पुढे, आणि नेंगाह सुकाणू धरून मागे. वाळूवरचा त्याचा दमलेला चेहरा मला पाठ होता. समुद्रावर असताना तो कसा दिसतो, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

मग त्याचे गुडघे गेले. मला पाण्यात ढकलता येईना. कित्येक महिने मी उन्हात पडून होते, अंगाला भेगा पडल्या. त्याची मुलगी सरियानी या हॉटेलात कामाला आहे. ती म्हणाली, "बाबा, ती तिथे कुजून जाईल. आमच्याकडे निदान सावलीत राहील." नेंगाह मला विकायला हो म्हणाला आणि त्या दिवशी जेवला नाही, असं केर्तीने मला नंतर सांगितलं.

पाहुण्यांना अडखळायला नको म्हणून इथे माझ्या उलांड्या कापल्या. तोंड स्वयंपाकघराच्या भिंतीकडे केलं आणि पोटात न्याहारीची फळं मांडली. तेही मी सोसलं. केर्ती रोज टोपली घेऊन येत होती, पण नेंगाह एकदाही फिरकला नाही. हॉटेलासमोरचा रस्तासुद्धा त्याने सोडला होता.

गेल्या आठवड्यात मला खुर्च्यांना शोभेल असा पांढरा रंग दिला. तोंडापासून सुरुवात केली. कुंचला दोनदा फिरला आणि मला दिसेनासं झालं. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात गेली, पण अशी भीती कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर्तीची पावलं ऐकू आली. ती जवळ येऊन थांबली. टोपली खाली ठेवल्याचा आवाज आलाच नाही. "अगं बाई, हे काय केलंय तुझं!" एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. आणि खोकला. तो खोकला मी कुठेही ओळखेन.

"नेंगाहकाका, पाहुण्यांना पांढरं आवडतं हो," मॅनेजर सुपर्ता म्हणाला. "फोटो छान येतो."

"पांढरी राहू दे की. रंग तुमचा," नेंगाह म्हणाला. "डोळे मी विकले नव्हते."

"बाबा, हळू बोला ना," सरियानी म्हणाली.

"आणि आधी हिला फिरवा. डोळे उघडल्यावर समोर भिंत दिसली तर मेली म्हणेल, यासाठी का उठवलंत!"

सुपर्ताही इथलाच, याच किनाऱ्यावर वाढलेला. त्याने वाद घातला नाही. "अरे, फळं तरी काढून घ्या," एवढंच पुटपुटला.

"असू देत," नेंगाह म्हणाला. "भरल्या पोटी चालायची सवय आहे तिला."

न्याहारी टाकून पाहुणे उठले. पोरं, आचारी, सुपर्ता, सगळ्यांचे हात लागले. पपया गडगडल्या, आणि तोंडावर वारा लागला तेव्हा मला कळलं, समुद्र समोर आहे.

नेंगाहचा हात आताही थरथरत होता, पण वयाने. आधी उजवा डोळा काढला, मग डावा. केर्ती मागून म्हणाली, "डावा मोठा काढा हं. नाहीतर मला ओळखू यायची नाही."

"तेच करतोय ना!"

कुंचला उचलून त्याने मान वळवली आणि वारा कुठून येतोय ते बघायला समुद्राकडे पाहिलं. जन्मभराची सवय ती. समुद्रावरचा त्याचा तो चेहरा मला पहिल्यांदा दिसला. गुडघे विसरलेला, तरणाबांड, लग्न नुकतंच झालेला. इतकी वर्षं माझ्या मागे हा चेहरा होता!

"काय गं, दिसतंय का?" त्याने विचारलं. मला रडता आलं असतं तर तिथेच रडले असते.

तेव्हापासून तो रोज येतो. केर्ती टोपली ठेवते, तो माझ्या तोंडाशी वाळूवर पाय लांब करून बसतो. पुढे-मागे नाही, आता शेजारी शेजारी. तो बघा, आलाच. तुम्ही फोड घ्या, हवी तर दोन घ्या. फक्त जरा बाजूला सरकता का? आमच्या आणि समुद्राच्या मध्ये उभे आहात.