तिसरा मास्क

"नाही. टोचतोय," असं म्हणून मार्तंडरावांनी मास्क नाकावरून काढला आणि उशीवर ठेवून दिला.

विशालने तो उचलून त्याची रबरी कड बोटाने चाचपली. घाटकोपरच्या एका दुकानात तो कामाला होता आणि तिथून नवं मशीन घेऊन मुलुंडला आला होता. मागच्या खेपेला आणलेला मास्कही असाच टोचला होता.

"काका, हा सगळ्यात मऊ आहे. लोक मागून घेतात."

"लोकांचं नाक लोकांपाशी."

दारात उभ्या असलेल्या पद्मजाबाईंनी नवऱ्याच्या नाकाकडे नीट निरखून पाहिलं. "वळ तर कुठे दिसत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"ज्याचं जळतं त्याला कळतं," मार्तंडराव म्हणाले आणि त्यांनी खुर्चीत बसलेल्या सुनेकडे हळूच पाहिलं. रेवती एरवी अशा वेळी हसायची. आज ती हसली नाही.

मार्तंडरावांचा झोपेत श्वास अडायचा. मुकुलच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यानेच हौसेने पहिलं मशीन आणलं होतं. नाकावर मास्क लावून झोपायचं, मशीन हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवायचं. अंधारात वडिलांना बटण सापडत नाही म्हणून मुकुलने आरशावरची रेवतीची एक टिकली काढून बटणावर चिकटवली होती. "आता बोट लावा की झालं, बाबा." पुढे डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात मुकुल गेला. टिकली बटणावर तशीच राहिली.

आता ते मशीन मध्येच शिट्टी वाजवून बंद पडायचं. डॉक्टरांनी बदलायला सांगितलं. मरोळला रेवतीचं ऑफिस होतं आणि तिथल्या विम्यात सासूसासऱ्यांची नावं होती, त्यामुळे नवं मशीन मिळणार होतं. जुनं दुकानात जमा करायचं, नवं पसंत पडलं असं सांगायचं, की काम झालं. पण एवढ्याशा कामाला मार्तंडरावांनी वर्ष लावलं. आधी पुन्हा तपासणी नको म्हणाले, मग दुसऱ्या डॉक्टरांना विचारू म्हणाले, आणि मग मास्क टोचायला लागले.

खरं कारण वेगळंच होतं. मुकुल गेल्यावर रेवती काही महिने इथेच राहिली आणि मग बोरिवलीला आईवडिलांकडे गेली. कुणी कुणावर रागावलं नव्हतं. मशीनचं काही निघालं की ती यायची, पद्मजाबाई वालाचं बिरडं करायच्या, ती जेवून जायची. हे काम संपलं तर ती कशाला येईल? हे कुणाला विचारता येत नव्हतं, म्हणून मार्तंडराव नाक पुढे करत होते. म्हातारपणी माणूस लबाड होतो, आणि ती लबाडी त्याला धड लपवताही येत नाही.

"बाबा, या महिन्यात व्हायला हवं ना हे," रेवती म्हणाली.

"घाई काय आहे? जुनं चालतंय अजून. एप्रिलमध्ये बघू."

रेवतीने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

विशालने पिशवीतून आणखी एक मास्क काढला. "आता हा एकच राहिलाय, पण लहान साइज आहे. मोठा पुढच्या आठवड्यात येईल. तोवर मशीन कसं चालतं ते तरी बघा, काका. थोडा वेळ पडून राहा. तोंड एकदम मिटलेलं हवं. बोलायला गेलात तर सगळी हवा तोंडातून निघून जाईल."

त्याने पट्टे आवळले, मशीन सुरू केलं आणि दुकानात फोन करायला तो गॅलरीत गेला. पद्मजाबाई चहा टाकायला आत वळल्या.

हा मास्क मात्र खरंच टोचत होता. नाकाच्या हाडावर त्याची कड रुतली होती. मार्तंडरावांना मनातून बरंच वाटलं. या वेळी खोटं बोलावं लागणार नव्हतं.

रेवतीने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"बाबा, आता तुम्हाला बोलता येणार नाही. म्हणून आत्ताच सांगते."

मार्तंडरावांनी नुसते डोळे तिच्याकडे वळवले.

"आमच्या ऑफिसच्या विम्यात एकच जोडी घेता येते. स्वतःचे आईवडील, नाहीतर सासूसासरे. लग्न झाल्यापासून मी तुमचीच नावं दिली. मुकुलचं स्वतःचं काम होतं, त्याला ऑफिसचा विमा कुठला? आणि आईपप्पा तेव्हा ठणठणीत होते."

मशीनमधून हवा एका लयीत येत होती.

"आईचे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशन मागच्या वर्षीच करायचं होतं, त्यासाठी मी नावं बदलणार होते. पण तुमचं मशीन अर्धवट राहिलं. आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता नावं बदलायची त्या वर्षीची तारीख गेली. आईच म्हणाली, राहू दे गं, त्यांच्या श्वासाचा प्रश्न आहे. माझे गुडघे काय, थांबतील."

मार्तंडरावांची बोटं चादरीवर जागच्या जागी थांबली.

"आमच्याकडे लिफ्ट नाही ना. ती आता जिन्यात बसत बसत वर येते. खाली उतरणंच सोडलंय तिने. या शुक्रवारी शेवटची तारीख आहे, बाबा. मी आईपप्पांची नावं टाकलीत. पुढच्या आठवड्यात एप्रिल लागेल, तेव्हापासून तुम्ही दोघं त्यात नसाल. त्याआधी मशीन तुमच्या हातात पडावं म्हणून मी मागे लागलेय. तुम्हाला वाटेल, मुकुल गेला आणि हिने आमची नावं खोडली."

मार्तंडरावांनी बोलायला तोंड उघडलं. हवा भसकन बाहेर पडली, शब्द एकही फुटला नाही.

"तोंड मिटा, बाबा." रेवतीने मनगटाने डोळे पुसले. "काही बोलू नका. तुम्ही बोललात तर मला जमणार नाही."

त्यांनी तोंड मिटलं. लग्नाच्या दिवशी विहीणबाई हॉलच्या जिन्यावरून सारख्या वरखाली करत होत्या. प्रत्येक पाहुण्याला स्वतः खाली सोडायला जात होत्या. ती बाई आता जिन्यात बसून यांच्या नाकाची वाट पाहत होती. मार्तंडरावांना स्वतःची लाज वाटली. डोळ्यांतलं पाणी ओघळून मास्कच्या कडेपर्यंत आलं.

विशालने परत येऊन मशीन बंद केलं आणि पट्टे सोडले. "काय काका, हाही टोचला ना? टेन्शन नको. पुढच्या आठवड्यात मोठा आणतो."

रेवती जमिनीकडे पाहत होती.

"नाही," मार्तंडराव म्हणाले. "हा बसला. छान बसलाय. आजच करून टाक काय ते."

"नक्की? एकदा घेतला की बदलून मिळत नाही हां, काका."

"अरे, नाक माझं आहे ना?"

विशालने जुनं मशीन पिशवीत घालायला उचललं.

"थांब जरा," म्हणून मार्तंडरावांनी ते मांडीवर घेतलं आणि नखाने बटणावरची टिकली हलकेच सोडवली. मग त्यांनी ती नव्या मशीनच्या बटणावर दाबली. तिचा गोंद केव्हाच वाळला होता. बोट उचलताच ती खाली पडली. त्यांनी ती पुन्हा दाबली, ती पुन्हा पडली.

रेवती उठली. आपल्या कपाळावरची टिकली काढून तिने ती नव्या बटणावर अंगठ्याने घट्ट बसवली.

"आता सापडेल अंधारात," ती म्हणाली.

पद्मजाबाई चहा घेऊन आल्या. सुनेच्या कपाळाकडे आणि मग बटणाकडे त्यांचं लक्ष गेलं. "जेवून जा गं. बिरडं केलंय."

"आज नको, आई. आमच्या आईला डॉक्टरांकडे न्यायचंय."

दोघांना नमस्कार करून ती दारापर्यंत गेली.

"रेवती," मार्तंडरावांनी हाक मारली. "आईला म्हणावं, आता थांबू नका. लवकर करून घ्या."

तिने मान हलवली. तिच्या पाठोपाठ जुन्या मशीनची पिशवी खांद्याला लावून विशालही गेला.

मार्तंडरावांनी खाली पडलेली जुनी टिकली शोधून चष्म्याच्या डबीत टाकली. पद्मजाबाई कप द्यायला पुढे झाल्या आणि तिथेच थांबल्या. मार्तंडरावांच्या नाकाच्या हाडावर दोन्ही बाजूंनी लालभडक वळ उठले होते. पद्मजाबाईंनी वळावर हलकेच बोट ठेवलं, तसे मार्तंडराव कळवळले.

"अहो, हा तर खरंच टोचलाय!"

मार्तंडरावांनी डबीतून चष्मा काढला आणि तो नेमका त्या वळांवर ठेवला.

"होईल सवय," ते म्हणाले.